तीर्थरूप ‘दस, वी हॅव स्टडीड’ यांचे सेवेशी

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण मला ओळखण्याचं कारण नाही, मी मात्र आपल्याला अठरा वर्षं ओळखते. अभियांत्रिकी महाविद्यालयात मी इंग्रजी संभाषण आणि तांत्रिक लेखन शिकवते. मुलांच्या जर्नलमध्ये प्रत्येक प्रॅक्टिकलच्या तळाशी ‘कन्क्लुजन’ असं लिहून खाली पट्टीने रेघ मारली, की आपण येऊन बसता. ‘दस, वी हॅव स्टडीड’, आणि पुढे त्या प्रयोगाचं नाव. ओहमचा नियम असो, काँक्रीटचा क्यूब असो की बबल सॉर्ट, आपल्याला काहीच वर्ज्य नाही. विषयाला दहा प्रॅक्टिकल आणि सत्राला चार विषय धरले, तरी आठ सत्रांत एक मूल आपल्याला तीनशेहून अधिक वेळा स्वतःच्या हाताने लिहितं. चार वर्षांत त्याने इतक्या वेळा लिहिलेलं दुसरं वाक्य मला माहीत नाही. म्हणून हे पत्र प्राचार्यांना किंवा विद्यापीठाला न लिहिता थेट आपल्याला लिहिते आहे.

प्रथम आपले आभार मानते, आणि ते मनापासून. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी पहिल्या वर्षी माझ्यासमोर बसते तेव्हा तिचे हात गार पडलेले असतात. बारावीला गणितात शंभराच्या जवळ गुण मिळवलेली ही मुलगी इंग्रजीत एक वाक्य बोलायचं म्हटलं की खाली बघते. त्या दिवसांत आपण तिला आधार देता. आपल्यात ‘हॅज’ की ‘हॅव’ हा प्रश्न उरत नाही, काळ चुकत नाही, स्पेलिंग सीनियरच्या जर्नलमध्ये दिसतंच. आपला हात धरून ती पहिलं सबमिशन पार करते. हे उपकार मी नाकारणार नाही. पण आपण तो हात पुढे चार वर्षं सोडत नाही, आणि सोडता तेव्हा ती चालायचं विसरलेली असते.

आपण शिक्षकांचीही फार काळजी घेता. साठ जर्नलं टेबलावर, प्रत्येकात दहा राइटअप, आणि दुपारी चारपर्यंत टर्मवर्कचे गुण भरायचे असतात. आपण दिसलात की पुढचं वाचावं लागत नाही. पान उलटायचं, सही करायची, शिक्का मारायचा. ड्रॉइंगच्या शीटवर मुलं काचेखाली दिवा लावून जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारतात तेव्हा आम्ही निदान रागावतो तरी. आपली जीटी मात्र उघड्या उजेडात चालते आणि खाली आमची सही असते. त्यात माझीही आहे. कित्येक वर्षं मी तशी सही केली, आणि आपल्याला लिहिण्याचा अधिकार मला त्या अपराधातूनच मिळाला आहे.

आपल्या कृपेने माझे विद्यार्थी नम्रही झाले. मी पाहिलं, मी मोजलं, माझं चुकलं असं ते कधी लिहीत नाहीत. रीडिंग आपोआप घेतलं जातं, तापमान आपोआप वाढतं, सर्किट आपोआप जोडलं जातं. आपल्या मराठी भगिनी ‘करण्यात आले आहे’ सरकारी कचेरीत राहतात. त्यांच्याही घरी माणूस कधी सापडत नाही.

आता मूळ तक्रारीकडे येते. दोन वर्षांपूर्वी सिव्हिलच्या वर्गाला मी सांगितलं, आपापलं एक जर्नल आणा आणि त्यातला एक निष्कर्ष मला समजावून सांगा. एका मुलाने काँक्रीटच्या क्यूबची टेस्ट आणली. एम-20 चं मिश्रण, 150 मिलिमीटरचे तीन क्यूब, 28 दिवसांची टेस्ट. पहिला 470 किलोन्यूटनला फुटला, दुसरा 462 ला, तिसरा 310 ला. खाली तिन्हींच्या स्ट्रेंथची सरासरी काढून 18.4 मेगापास्कल लिहिलेली. त्याखाली आपण होता, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात: काँक्रीटच्या कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथचा आम्ही अभ्यास केला आहे.

मी विचारलं, तिसरा असा का फुटला रे? तो आधी गप्प. म्हटलं, मराठीत सांग. मग जे बाहेर पडलं ते ऐकून मी खडू खाली ठेवला.

“मॅडम, तो कोपऱ्यातूनच उडाला. साचा काढला तेव्हाच बाजूला खडी उघडी दिसत होती. प्रत्येक थराला रॉडने 35 ठोके द्यायचे असतात. शेवटच्या थराला आम्ही वीसेकच दिले. जेवणाची सुट्टी झाली होती.”

आणि मग स्वतःच म्हणाला, “खरं तर ही सरासरी काढायलाच नको होती. एक क्यूब सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून लांब गेला, तर तो नमुना धरत नाहीत.”

विचार करा, महाराज. या मुलाने पाहिलं होतं, कारण ओळखलं होतं, नियम त्याला पाठ होता, आणि स्वतःची चूक कबूल करण्याइतका तो प्रामाणिकही होता. चांगल्या अभियंत्याकडून याहून जास्त काय मागायचं? हे सगळं त्याच्या डोक्यात असताना कागदावर मात्र आपण होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे. निष्कर्षाच्या जागी जे पाहिलं ते लिहायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती जागा आपल्या नावावर आधीच राखीव होती.

त्या मुलासमोर मी वर्गाला एक जुनी गोष्ट सांगितली, ती आपल्यालाही सांगते. 16 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेचं कोलंबिया अवकाशयान उडालं आणि 82 सेकंदांच्या आत इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना खाली अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधला आणि तो स्लाइडवर मांडला. शीर्षक वाचून वाटावं की चाचण्यांचे आकडे दिलासा देणारे आहेत. अगदी तळाशी, बारीक अक्षरात, खरी गोष्ट होती: चाचणीतला तुकडा 3 घनइंचांचा होता आणि हा 1920 घनइंचांचा, म्हणजे 640 पट. त्या चाचण्यांवरून या धडकेबद्दल फारसं बोलताच येत नव्हतं. तेवढं एकच वाक्य वर, मोठ्या अक्षरात यायला हवं होतं. 1 फेब्रुवारीला परत येताना यान फुटलं. सात जण गेले, त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. चौकशी मंडळाच्या अहवालात ती स्लाइड माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांच्या विश्लेषणासह छापली आहे. नीट लिहिलेल्या तांत्रिक टिपणाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर मंडळाने स्पष्ट ठपका ठेवला.

यान त्या स्लाइडने पाडलं असं मी म्हणत नाही. पण ती स्लाइड इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशात तयार झाली होती. व्याकरण ठीक होतं, उच्चार ठीक होते. जे कळलं आहे ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचं, हे मात्र राहून गेलं. आमच्याकडे मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून सगळे हळहळतात, आणि उपाय म्हणून त्यांना ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर पाठ करायला लावतात. हार्डवर्किंग, टीम प्लेयर, क्विक लर्नर. ही सगळी आपलीच भावंडं, नाही का?

2021 पासून मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला तंत्रशिक्षण परिषदेने परवानगी दिली, तेव्हा मला खूप आनंद झाला. लगेच धास्तीही वाटली, की आपण तिथेही आधीच पोचला असाल: ‘अशा प्रकारे आपण अभ्यास केला.’

हल्ली आपण पोशाखही बदलला आहे. मुलं यंत्राकडून निष्कर्ष लिहून घेतात. त्यात ‘व्हॅल्युएबल इनसाइट्स’ असतात, ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह अंडरस्टँडिंग’ असतं, एकही स्पेलिंग चुकत नाही. क्यूब कोपऱ्यातून फुटल्याचं मात्र त्यात नसतं, कारण ते यंत्र लॅबमध्ये नव्हतं. तो मुलगा तिथे होता. आपण पूर्वी चार शब्दांत जे झाकत होता, ते आता चार परिच्छेदांत झाकता. एवढी प्रगती केल्याबद्दल अभिनंदन.

आमच्या पूर्वजांची पत्रं पाहिली आहेत आपण? मायना लांबलचक असे. पण एकदा ‘विनंती विशेष’ लिहिलं की पुढे थेट मुद्दा: पीक बुडालं, घोडी पाठवा, पैसे पोचले नाहीत. मुलांना मी आता तेच करायला सांगते. आधी मराठीत तीन गोष्टी लिहा: किती आलं, किती यायला हवं होतं, फरक का पडला असं तुम्हाला वाटतं. मग ते इंग्रजीत न्या, मोडकं असलं तरी चालेल, मोडलेलं आपण मिळून दुरुस्त करू. यात वेळ जातो. एका तासात पाचसहा मुलांचंच होतं, आणि माझा तास बहुतेक दिवसाच्या शेवटी असतो, तेव्हा मुलांना बस पकडायची असते. तरी मी ते करते.

क्यूबवाल्या त्या मुलाने आपल्यावर एक रेघ मारली आणि खाली नवा निष्कर्ष लिहिला. ‘थर्ड क्यूब फेल्ड फ्रॉम कॉर्नर. वी डिड नॉट कॉम्पॅक्ट लास्ट लेयर प्रॉपरली. धिस ॲव्हरेज शुड नॉट बी युज्ड. वी मस्ट कास्ट अगेन.’ तीन ठिकाणी ‘द’ राहून गेला होता. तो मी लाल शाईने भरला आणि खाली सही केली. अठरा वर्षांतली ती माझी पहिली सही, जी करण्याआधी मी सगळं वाचलं होतं.

तेव्हा हात जोडून विनंती आहे. येत्या सोमवारी दुसऱ्या वर्षाचं सबमिशन आहे. साठ मुलं येणार आहेत. प्रत्येकाने काहीतरी पाहिलेलं आहे. त्या दिवशी आपण येऊ नये.

कळावे,

आपली जुनी परिचित,
तांत्रिक लेखनाची एक शिक्षिका