जनजागृती करणाऱ्यांस एका जाग्या माणसाचं पत्र

प्रति,
मा. संयोजक, पर्यावरण जनजागृती सप्ताह,
मुक्काम बोईसर (फक्त जूनचा पहिला आठवडा)



यंदाही आपण आमच्या वसाहतीत येऊन आम्हाला जागं केलंत, त्याबद्दल आभारी आहे. सकाळी साडेसातला आपला ढोल वाजला तेव्हा माझा नुकताच डोळा लागला होता. चूक माझीच. रात्री दोनपासून आम्ही सगळे जागेच होतो, समोरच्या बिल्डिंगमध्येही दिवे होते. बोईसरला जनजागृती रात्री होते. तिला ढोल लागत नाही, प्रमुख पाहुणे लागत नाहीत; वारा एमआयडीसीकडून वळला की पुरे.

आपण बाहेरून येता म्हणून सांगतो, वासांचे प्रकार आहेत. एक सडक्या अंड्यांचा. एक कुजलेल्या कोबीचा. एक गोडसर, नेलपॉलिशसारखा. हा त्यातल्या त्यात सभ्य, पण डोळ्यांतून पाणी काढतो. माझी सातवीतली मुलगी डोळे न उघडता अंथरुणातून सांगते, "बाबा, आज कोबी." मग मी उठून खिडक्या लावतो. मे महिन्यात खिडक्या लावून झोपणं म्हणजे काय, ते आपल्या पत्रकात नव्हतं.

हीच मुलगी आपल्या चित्रकला स्पर्धेतही बसली होती. तिने नाला काढला आणि त्याला विटकरी रंग दिला. परीक्षकांनी प्रेमाने समजावलं, "बाळ, पाणी निळं असतं." उत्तेजनार्थही मिळालं नाही. पोरीने डोक्यातून काही काढलं नव्हतं हो. शाळेच्या वाटेवर जे दिसतं तेच काढलं. पहिला मोठा पाऊस पडला की नाल्याला रंग चढतो, हे इथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. पावसाच्या पाण्याबरोबर काय काय सोडून देता येतं, हे ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांनाही आहे.

तेव्हा अज्ञान कुणाचं दूर करायचंय, एवढं एकदा कळवावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या शंभर औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. सत्तरच्या वर गेलं की प्रकृती गंभीर. आमच्या या तारापूर एमआयडीसीला ९३.६९, देशात पहिला नंबर. दहावीला कुणाच्या पोराने एवढे काढले असते तर नवापूर नाक्यावर फ्लेक्स लागला असता, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. या निकालाचा फ्लेक्स मात्र मी कुठे पाहिला नाही.

फ्लेक्सवरून आठवलं. २०१८ चा जागतिक पर्यावरण दिन भारताच्या यजमानपदाखाली झाला आणि विषय होता प्लास्टिक प्रदूषणावर मात. २०२५ साली यजमान दक्षिण कोरिया, विषय पुन्हा तोच. म्हणजे सात वर्षं जुने फलक जपून ठेवले असते तर तसेच लावता आले असते. आपण नवे छापलेत. प्लास्टिकविरोधी संदेश प्लास्टिकवर छापल्याने टिकाऊ होतो, हे खरं; एक अजून आमच्या जिन्याखाली आहे, वॉचमनने सायकल झाकलीय.

मग शपथ झाली. दात घासताना नळ बंद ठेवीन, कापडी पिशवी वापरीन, एक झाड लावीन. मी हात पुढे करून म्हटली आणि पाळतोही. रोजचे दोन तांबे वाचत असतील. आता पलीकडचा हिशेब बघा. कारखान्यांचं सांडपाणी साफ करणारं सामाईक केंद्र वर्षानुवर्षं दिवसाला २५ दशलक्ष लिटरचं होतं आणि येणारं पाणी त्याहून जास्त. नवं, मोठं केंद्र फार उशिरा आलं. मधल्या काळात उरलेलं पाणी कुठे गेलं, ते नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटीच्या माणसाला विचारा. त्यासाठी त्याला पथनाट्य बघावं लागत नाही. जाळ्यात काय आलं आणि काय येईनासं झालं, ते तो बोटांवर मोजतो.

ही माणसं आपल्या फेरीत नव्हती. ती २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या नावाने राष्ट्रीय हरित लवादात गेली होती. सहा वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, लवादाने शंभरावर कारखान्यांना आणि त्या सामाईक केंद्राला कोट्यवधींची भरपाई भरायला सांगितलं. जनता जागी झाली की काय करते, याचा याहून चांगला नमुना जिल्ह्यात मला माहीत नाही. एका कागदावर सही, मग तारखा. फोटो काढण्याजोगं त्यात काही नसतं, हे मान्य. आणि हो, २०२३ साली सरकारने पापलेटला राज्यमासा केलं. मान मोठा आहे; त्याने राहायचं कुठल्या पाण्यात, तेवढं ठरायचंय.

झाड लावण्याशी माझं वैर नाही. पण ते नाल्याकाठी लावून, पाणी घालायला नाल्याचंच आणायचं, ही कल्पना कुणाची, एवढं खासगीत सांगा.

एक विनंती. पुढच्या वर्षी फेरी रात्री दोनला काढा. स्टेशनवरून नका, तिथले लोक डहाणू लोकलच्या गर्दीने आधीच जागृत झालेले असतात. एमआयडीसीतून निघा, कारखान्यांच्या फाटकांवरून. काही फाटकांबाहेर एक मोठा फलक असतो: आत काय बनतं, घातक कचरा किती निघतो, हवेत-पाण्यात काय सोडलं, दिनांक. माझ्या वाटेवरच्या एका फलकावर दिनांकाची चौकट कोरी आहे, आकड्यांचा रंग उन्हाने उडालाय. घोषणा तिथे थांबून द्या. ढोल मी वाजवतो.

आपला,
रोज रात्री जागा असणारा
एक बोईसरकर

ता. क. : आपण वाटलेली कापडी पिशवी वापरात आहे. रात्री खिडकीच्या फटीत कोंबतो. बरोबर मापाची आहे. अजून तीन मिळाल्या तर स्वयंपाकघराचंही काम होईल.