गुरू फुकटचे

अलीकडे रिक्षातून उतरणारा प्रत्येक पुणेकर तत्त्वज्ञ होऊनच उतरतो. रिक्षावाल्याने समाधान शिकवलं, वॉचमनने निष्ठा, धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी तर जगण्याची उमेद! रात्री सगळं फेसबुकवर, हात जोडलेल्या चित्रासकट. भोवतालची माणसं पु. ल. देशपांड्यांनीही ‘व्यक्ति आणि वल्ली’त रंगवली. पण पु. लं.ना माणसं दिसत. आपल्याला दिसतात बोधकथा. गंमत अशी, की बिल्डरकडून किंवा साहेबांकडून समाधान शिकायला कुणी जात नाही. तो विषय बारा हजारांत घर चालवणाऱ्यांकडेच. त्याच मावशींनी दोनशे रुपये वाढवून मागितले, की ‘डोक्यावर बसायला लागल्या हो!’ धडे पुष्कळ झाले. आता शिकवणीची फी तेवढी द्या.