कवटीवरचं जावा फर्न

घरात फिशटँक येतो तो माशांसाठी, अशी एक समजूत आहे. मासे बिचारे सगळ्यात शेवटी येतात. त्याआधी धाकट्याला झाकण उघडमीट करत बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी हवी असते, थोरलीला मोडकं जहाज, आजोबांना टँक ईशान्येलाच. आणि आजींनी गुहागरच्या किनाऱ्यावर वेचलेले शिंपले वाया जाऊ द्यायचे नसतात. एवढं सगळं मावल्यावर कुणीतरी म्हणतं, "आता दोन खरी झाडंपण लावू की!"

कटकट सुरू होते ती इथून. प्लास्टिकचा पाणबुड्या जन्मात काही मागत नाही. झाड मागतं.

1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने काचेच्या भांड्यातल्या संसाराचा हिशेब मांडला होता. आत सोनमासे, वालिसनेरियाची झाडं आणि गोगलगायी. झाडं प्राणवायू पुरवत, सडकी पानं गोगलगायी फस्त करत, मासे सुखात राहत. खजिन्यावाचून कुणाचं अडलं नाही.

आपल्याकडे पहिला बळी जातो तो बहुधा अनुबियासचा. मूळची पश्चिम आफ्रिकेतली, जाड पानांची, कमी उजेडातही तगणारी ही वनस्पती. दुकानदार "मरतच नाही, साहेब" असं सांगून हातात देतो. साहेब घरी येऊन तिला निळ्या खड्यांत गळ्यापर्यंत पुरतात. तिचा आडवा जाड कंद गाडला की कुजतो, आणि न मरणारी वनस्पती मरून दाखवते. खरं तर तिला लाकडावर किंवा दगडावर काळ्या दोऱ्याने बांधायचं, नाहीतर फेविक्विकच्या थेंबाने चिकटवायचं. जावा फर्नचंही तेच. शोपीसचा खरा उपयोग इथे होतो: प्लास्टिकच्या कवटीवर जावा फर्न बांधलं, की काही महिन्यांत तिला केस फुटतात आणि मुख्य म्हणजे कवटी दिसेनाशी होते.

लाकडाचीही एक तऱ्हा असते. नीट भिजवून-उकळून न घेता टाकलं, तर टॅनिन उतरून पाणी कोऱ्या चहासारखं होतं. माशांची तक्रार नसते, पाहुण्यांची असते. शिंपल्यांमुळे मात्र पाणी हळूहळू जड होतं. नवा दगड घेताना त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. फसफसला, तर त्यात चुना आहे असं समजावं.

सगळ्यात मानी क्रिप्टोकोरिनी. तिची स्पायरॅलिस ही जात तर आपल्या पश्चिम घाटातलीच. जागा बदलली की ती पानं गाळून बसते. घरात दर रविवारी जहाज इकडून तिकडे हलतं, आणि त्याबरोबर तीही. मुळं शाबूत असतात, थोड्या दिवसांत नवी पानं येणार असतात. पण तोवर कुणीतरी तिला उपटून फेकलेलं असतं.

काही हौशी मंडळी झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बसवतात आणि खजिन्याची पेटीही चालू ठेवतात. पेटीचे बुडबुडे पाणी ढवळतात आणि विकत घेतलेला गॅस दिवाणखान्यात सोडून देतात.

तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी लाकूड-दगड, मग झाडं, ती रुजल्यावर मासे, आणि जागा उरलीच तर पाणबुड्या. दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरे. जास्त लावला तर शेवाळाचीच चंगळ. आणि झाडं माजली, की छाटलेले फुटवे ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका. पुण्यातल्या नद्यांमधून दरवर्षी उपसावी लागणारी जलपर्णीही या देशात शोभेची म्हणूनच आली होती.