खुनी बदलला!

रहस्यकथा लिहावयास बसलेला होतकरू तरुण ज्याच्या परिचयात नाही असा मनुष्य आपल्याकडे विरळाच; तथापि आपली कथा 'व्हर्च्युअल रिॲलिटी'च्या खेळात घडते, असे पहिल्याच वाक्यात बजावून श्रोत्याला अडाणी ठरविणारा आणि मग त्याच श्रोत्याला तास-दीड तास ओलीस धरणारा इसम ज्याच्या वाट्यास आला असेल, त्यालाच माझ्या कैफियतीचे मर्म कळेल.

आमचे रहस्यकार मूळचे साताऱ्याचे, शिक्षणानिमित्त सांगलीस. कादंबरीची हकीकत एवढीच, की आठ मुले डोळ्यांवर डबा चढवून खेळातल्या अजिंक्यताऱ्यावर जातात, तेथे एकीचा खून होतो आणि खेळ संपवून सर्वांनी डबे उतरविले तरी ती काही उठत नाही. येथवर बिनतक्रार. परंतु खून केला कोणी, या एका कलमावर गृहस्थांचे मत आठवडाभरही टिकत नाही. कारण ज्याने त्यांना नुकतेच दुखविले असेल, तो बिनचौकशी खुनी ठरतो. सुटे पैसे न देणारा वाहक खुनी झाला, आमटीत पाणी वाढविणाऱ्या खानावळवाल्या मावशी झाल्या, प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही न करणारे प्राध्यापक तर दोनदा झाले. भेटताच नमस्काराऐवजी उद्गार येतो, "काका, खुनी बदलला!"

एकदा भर पावसाळ्यात, कोयनेतून विसर्ग वाढविल्याची वर्दी आल्यामुळे अर्धी सांगली आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी पाहत चिंताक्रांत उभी असताना, हे महाशय गर्दीतून वाट काढीत आले आणि त्यांनी तीच घोषणा केली. शेजारच्या एका वृद्धाने घाबरून विचारले, "कुठल्या गावचा?"

विद्वत्तेतही ते मागे नाहीत. अमेरिकेतील आयव्हन सदरलँड यांनी 1968 साली केलेले असले डोळ्यांवर चढवायचे यंत्र इतके अवजड होते की ते छताला टांगून ठेवावे लागे, हा तपशील त्यांनी मला इतक्या वेळा ऐकविला आहे की ते यंत्र माझ्याच डोक्यावर टांगले आहे असे वाटू लागले. बाबूराव अर्नाळकरांनी असला कोणताही डबा न चढविता हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीकर फास्टर फेणेला तपासासाठी एक सायकल पुरली, असे मी एकदा चिडून सुनावले. त्यावर शांतपणे उत्तर आले, "पण काका, छापल्यावर त्यांना खुनी कुठं बदलता येत होता?"

अखेर एके संध्याकाळी त्यांनी विश्रामबागेतील आपल्या खोलीवर तो डबा माझ्या डोळ्यांवर चढविलाच. अजिंक्यतारा अगदीच सुमार होता. तटबंदी पुठ्ठ्याची वाटे. मात्र खाली उतरून साताऱ्याच्या मोती चौकात आलो आणि थबकलो. कंदी पेढ्यांच्या दुकानातील तराजू किंचित कलता होता व त्याखाली वर्तमानपत्राची घडी सरकविलेली होती. पायरीचा कोपरा झिजलेला होता. समोरच्या माडीवर एकाच खिडकीत दिवा होता. कादंबरीच्या दृष्टीने या मजकुराचा उपयोग शून्य. "इथं कोण मरतं?" मी विचारले. "इथं नाही कोणी मरत," रहस्यकार जरासे ओशाळून म्हणाले, "इथून आमचं घर दिसतं." अवघ्या सांगलीवर फिर्याद ठोकणाऱ्या या पोराला सातारा सोडून राहणे किती जड जात होते, हे त्या कलत्या तराजूने मला सांगितले, आणि नाइलाजाने का होईना, त्या दिवसापासून त्याची बडबड मी जरा बैठक मारून ऐकू लागलो.

हल्ली तो पुण्यास खेळ बनविणाऱ्या एका कंपनीत रुजू झाला आहे. कंपनीने त्याची कथा घेतली, चौक तेवढा अनावश्यक म्हणून काढून टाकला. बरेच दिवस काही वार्ता नाही, म्हणून मीच दूरध्वनी करून खुनी कोण असे विचारले.

"अजून ठरलं नाही, काका. साहेबांच्या मंजुरीला पाठवलाय."

"मग साहेबांनाच का करत नाहीस?"

"छे, छे!" तो घाईघाईने म्हणाला. "साहेब फार सज्जन आहेत."