सगळ्याच शाळा पहिल्या

न्यूयॉर्कमध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत, २००७पासून, मुलांप्रमाणे शाळांनाही ‘ए’ ते ‘एफ’ श्रेणी मिळू लागल्या. २००९ साली प्राथमिक आणि मिडल स्कूल मिळून ८४ टक्के शाळा ‘ए’मध्ये झळकल्या. एवढी गुणवत्ता एका शहरात मावली कशी, असं विचारणारे अर्थातच विघ्नसंतोषी! पुढच्याच वर्षी राज्याने परीक्षेची रेषा वर सरकवली आणि गणितात तरबेज ठरणारी मुलं ८२ टक्क्यांवरून ५४वर घसरली. त्याच वर्षी शहराने फर्मावलं, ‘ए’ फक्त २५ टक्के शाळांनाच. शाळा त्याच, शिक्षक तेच, बाकंसुद्धा तीच. हुशारी तेवढी रेशनवर आली. २०१४ साली नव्या महापौरांच्या प्रशासनाने या श्रेणीच रद्द केल्या. तेव्हापासून एकाही शाळेला ‘एफ’ मिळालेला नाही.