माणूस एक, खिडक्या दोन

मनोविकार विभागात नेलं की सांगतात, "आधी याची दारू सोडवा, मग बघू." व्यसनमुक्ती केंद्रात नेलं की सांगतात, "याचं डोकं ठिकाणावर नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा." उसने पैसे घेऊन, रोजगार बुडवून बायको नवऱ्याला रिक्षात घालून दोन्हीकडे फिरवत राहते. हे हाल कितीतरी घरांच्या वाट्याला येतात आणि ते टाळता येण्यासारखे आहेत, म्हणून राग येतो.

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू-ड्रग्जमुळे येणाऱ्या मानसिक अवस्थांना मनोविकारातच धरतो. कारभार मात्र वाटलेला. मनोरुग्णालयं आरोग्य खात्याकडे, व्यसनमुक्ती केंद्रं सामाजिक न्याय खात्याकडे. मदतीचे फोनही दोन: मनासाठी १४४१६, नशेसाठी १४४४६.

आजार असा वाटून येत नाही, कुठल्याच वयात. स्टेशनवरचं पोर पंक्चरच्या सोल्युशनचा रुमाल नाकाशी धरतं, कारण त्याने भूक मरते आणि रात्रीची भीतीही. 'एम्स'च्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के निघालं. मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत अशी ही एकच नशा. या पोराचा रुमाल हिसकावून भीती तशीच ठेवली, तर उद्या ते दुसरा रुमाल शोधेल.

कॉलेजातल्या मुलाला गांजा म्हणजे निव्वळ झाडपाला वाटतो. स्वीडनमध्ये लष्करभरतीच्या ४५ हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळलं. ओढणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही, हे खरं. पण मुलाला कानात आवाज ऐकू यायला लागले की घरचे आधी 'नाटकं' म्हणतात, मग 'बाहेरचं' बघतात आणि शेवटी लग्न लावून देतात. उपचाराचे मोलाचे महिने त्यातच जातात.

चाळिशीतला बाप झोप लागत नाही म्हणून क्वार्टर घेतो. दारूने आलेली झोप पहाटेआधीच मोडते, उदासी वाढते आणि दुसऱ्या दिवशी क्वार्टर पुरत नाही. माळ घालून दारू सोडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने ती एका दिवसात बंद केली, तर फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. त्याला खोलीत कोंडू नका, डॉक्टरकडे न्या.

आणि सत्तरीतले आजोबा. कधीकाळी लिहून दिलेली झोपेची गोळी अजून चालूच, वर संध्याकाळचा पेग. तोल जातो, नावं आठवत नाहीत, आणि घर म्हणतं, वय झालं. उतारवयात शरीर दारू आणि औषध दोन्ही सावकाश बाहेर टाकतं, म्हणून जुनंच माप आता जड जातं. विसरण्यामागे वयाऐवजी गोळी आणि पेग नाहीत ना, हे आधी तपासायला हवं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. मन आणि व्यसन शेजारी-शेजारी बघायची वाट तेव्हाच दिसली होती.

आता प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एकाच टेबलावर दोन्ही प्रश्न विचारले जावेत. दारू सोडायला आलेल्याला, "जगावंसं वाटतं का?" उदास म्हणून आलेल्याला, "काय घेता, किती घेता?" पोरालाही विचारा, आजोबांनाही, आणि मिश्री लावणाऱ्या आजीलाही. उपचारही तिथेच, एकाच वेळी सुरू व्हावेत. पैसा कोणत्या खात्याचा, ही दोन खात्यांची आपसातली बाब आहे. त्यासाठी त्यांनी फायली हव्या तितक्या फिरवाव्यात, रुग्णाला फिरवू नये.