केवळ प्रदर्शनासाठी

डिचोली तालुक्यातल्या माणसाला पोलाद मिळू नये, हा विनोद कुणी मुद्दाम रचायला बसला असता तरी इतका जमला नसता. शिरगाव, मये, पिळगावच्या डोंगरांतलं लोहखनिज टिप्परांनी धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जांनी मुरगाव बंदरात आणि तिथून जहाजांनी जपान-चीनकडे गेलं, याला दोन पिढ्या साक्षी आहेत. आता त्याच पट्ट्यातला एखादा गृहस्थ चार पैसे गाठीला बांधून, मोपावरून विमान पकडून, पहिलंवहिलं भारी घड्याळ घ्यायला मुंबईच्या झगमगीत दुकानात जातो. तिथं त्याला सांगितलं जातं की सोन्याचं घड्याळ आहे, सोनं-पोलाद मिश्र आहे, हवं तर हिरे बसवलेलंही दाखवतो. नुसत्या पोलादाचं मात्र नाही. रोलेक्सची सबमरीनर, जीएमटी, डेटोना ही पोलादी मॉडेलं पैसे टाकून लगेच मिळत नाहीत, त्यासाठी नाव द्यावं लागतं. साधं पोलादी सबमरीनर पट्ट्यासकट दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं आणि किंमत नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. म्हणजे आपल्याकडून टनावर गेलेल्या खनिजाची जातभाई असलेली वस्तू ग्रॅमला सहा हजारांहून अधिक भावानं परत येते. या भावात अगदी अलीकडेपर्यंत सोनं मिळत होतं, आणि त्यासाठी सोनाराकडे कुणाला नाव नोंदवावं लागत नव्हतं.

या प्रकाराला लोक टंचाई म्हणतात. तसं म्हणणं तांदळाच्या आणि रॉकेलच्या टंचाईचा अपमान करणारं आहे. रोलेक्स आपले आकडे जाहीर करत नाही, पण मॉर्गन स्टॅन्ली आणि लक्सकन्सल्ट यांच्या अंदाजानुसार ही एकटी कंपनी वर्षाला दहा लाखांहून अधिक घड्याळं बनवते. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. पाळण्यातल्या पोरापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत प्रत्येक गोंयकाराच्या मनगटावर एकेक घड्याळ बांधायचं ठरवलं, तरी हा कारखाना दीड वर्षाच्या आत काम उरकून मोकळा होईल. जी वस्तू लाखांनी निघते ती दुर्मीळ कशी, हा प्रश्न डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात कुणीही विचारील. उत्तर असं की दुकानात घड्याळापेक्षा निवड विकली जाते. आपण निवडले गेलो, दुसरा राहिला, हे समाधान त्या किमतीत धरलेलं असतं, आणि ते टिकवायचं तर बरेच लोक राहिलेले असणं भाग आहे.

लोखंडाला सोन्याच्या वर बसवण्याची ही युक्ती फार जुनी नाही. 1969 च्या डिसेंबरात जपानच्या सेईकोनं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि थोड्याच वर्षांत अचूक वेळ ही स्वस्त वस्तू झाली. चावीच्या आणि स्प्रिंगच्या घड्याळांवर जगणाऱ्या स्वित्झर्लंडपुढे प्रश्न पडला की आता विकायचं काय. 1972 साली ओदमार पिगे या कंपनीनं जेराल्ड जेंता यांच्याकडून रेखाटून घेतलेलं ‘रॉयल ओक’ हे पोलादी घड्याळ 3,300 फ्रँकला बाजारात ठेवलं. त्या काळी कित्येक सोन्याची घड्याळं याहून स्वस्त होती. 1976 मध्ये पाटेक फिलिपनं जेंता यांच्याच हातचं ‘नॉटिलस’ आणलं. तेव्हापासून जगातल्या श्रीमंतांना एक नवी गोष्ट उमगली: सोनं कुणीही घेतं, पोलादासाठी ओळख लागते. आज नामांकित दुकानाच्या काचेआड हवं ते पोलादी मॉडेल दिव्याखाली दिमाखात बसलेलं असतं, आणि बाजूला छोटीशी पाटी असते, ‘केवळ प्रदर्शनासाठी’. दुकानात माल आहे, खिशात पैसा आहे, आणि तरीही व्यवहार होत नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या अवस्थेला नाव नसेल, पण सरकारी कचेरीत जाऊन आलेल्याला ती परिचयाची आहे.

रांगेत उभं राहण्याची आपल्या लोकांना सवय नाही, असं कुणी म्हणू नये. परवाना राजवटीत आकुर्डीच्या बजाज चेतकसाठी दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं अजून हयात आहेत. मुलाच्या बारशाला नोंदवलेली स्कूटर त्याच्या मुंजीला यायची. पण त्या रांगेला एक अब्रू होती. अनामत भरल्याची पावती मिळे, पावतीवर नंबर असे, आणि ‘नंबर लागला’ की घरात पेढे येत. नव्या रांगेत नंबर नाही. विक्रेता अदबीनं खुर्ची देतो, कॉफी विचारतो आणि ‘सर, तुमचं नाव घेतलंय’ एवढंच सांगतो. कितवं घेतलंय, ते विचारायचं नसतं. आधी दोन-चार कमी मागणीची घड्याळं, बायकोसाठी एखादा दागिना घेतला तर ‘संबंध वाढतात’, असं जगभरची गिऱ्हाइकं सांगत आली आहेत. पंचायतीत दिलेला अर्ज निदान आवक रजिस्टरात चढतो, त्याचं काय झालं हे विचारायला माहिती हक्काचा कायदा आहे, आणि गोव्यानं तर तो देशाच्या आधी, 1997 सालीच केला. दहा लाख मोजायला तयार असलेल्या माणसाला मात्र कोणताही हक्क नाही. समाजवादानं आपल्याला रांगेत उभं केलं. बाजारानं रांगही काढून घेतली आणि उभं राहणं तेवढं ठेवलं.

सीमेवरच्या पेडण्याच्या माणसानं तर याचं अधिक वाईट वाटून घ्यायला हवं, कारण त्याच्या आजोबांच्या काळी चित्र उलटं होतं. पन्नासच्या दशकात भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा खनिजाच्या निर्यातीचा आणि परदेशी गेलेल्यांचा पैसा इथे खेळत होता, आणि पणजी-म्हापशाच्या दुकानांत स्विस घड्याळं, नायलॉन, विलायती दारू मांडलेली असे. पलीकडे भारतात विदेशी घड्याळ म्हणजे अप्रूप. मग पत्रादेवीकडून, दोडामार्गाकडून माल रात्रीचा सीमा ओलांडत असे. म्हणजे जिनिव्हाचं घड्याळ मिळवायला सावंतवाडीकडचा माणूस पेडण्याच्या माणसाची मनधरणी करी. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पाठोपाठ भारतातून आलेल्यांनी दुकानांतला हा साठा उपसला. त्याच 1961 साली सिटिझनच्या मदतीनं बेंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला आणि पुढे तीन दशकं लग्नातल्या नवरदेवाचं मनगट त्यानंच सजवलं. 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, आणि दुकानातून गेलेलं ‘जनता’ हे एचएमटीचं मॉडेल संग्राहकांच्या हाती पडून मोलाचं झालं. जनतेला भाव यायला आधी ती संपावी लागते, हा धडा त्यातून राज्यकर्त्यांनी घेतला नसावा अशी आशा आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप खुद्द कंपनीचा आहे. 2021 मध्ये रोलेक्सनं सांगितलं की टंचाई हे आमचं धोरण नाही. दर्जा न घसरवता मागणीइतकं बनवता येत नाही, एवढंच. हे खोटं मानायचं कारण नाही. चांगला कारागीर एका पावसाळ्यात तयार होत नाही, आणि कंपनी स्वित्झर्लंडमधल्या ब्यूल इथे नवा कारखानाही उभारते आहे, तो 2029 पर्यंत सुरू व्हायचा आहे. पण माल कमी असणं वेगळं आणि तो कुणाला द्यायचा हे झाकून ठेवणं वेगळं. कमी मालाचं न्याय्य वाटप करण्याच्या दोन सरळ रीती आहेत: आधी येईल त्याला द्यावा, किंवा सोडत काढावी. रेशन दुकानापासून गृहनिर्माण मंडळापर्यंत त्या सगळ्यांना माहीत आहेत. दोन्ही टाळून तिसरी रीत पत्करली जाते, त्यात मर्जी राखण्याला वाव असतो. कारखान्याची मर्यादा खरी मानली, तरी काउंटरवरची गुप्तता त्या मर्यादेतून आलेली नाही.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा. तो म्हणतो, घड्याळ ही गुंतवणूक आहे; दुकानातून दहाला घ्यावं आणि बाहेर पंधराला द्यावं. हे डिचोलीत ऐकवताना तरी जरा आवाज खाली असावा. चीनची मागणी फुगली होती तेव्हा खाणपट्ट्यात ट्रक हीसुद्धा गुंतवणूक होती. बँकेचं कर्ज काढून लोकांनी एकाचे दोन, दोनाचे चार केले. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, काही काळानं मर्यादेत सुरू झाल्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं 88 खाणपट्टे रद्द ठरवल्यावर मार्चपासून पुन्हा ठप्प. हप्ते मात्र ठप्प झाले नाहीत. जुन्या घड्याळांच्या बाजाराचंही तेच झालं: 2022 च्या सुरुवातीला भाव शिखरावर गेले आणि मग घसरणीला लागले. त्यातही पहिल्यांदा घेणाऱ्याला नफ्याचं मॉडेल मिळतच नाही. ‘संबंध वाढवायला’ घेतलेली घड्याळं दुकानाचा उंबरा ओलांडताच उतरतात. बिलात सीमाशुल्क आणि 18 टक्के जीएसटी आधीच मुरलेला असतो, आणि 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर 1 टक्का कर उगमापाशीच गोळा होतो. तो विवरणपत्रात वळता होतो खरा, पण तेवढ्यानं आपलं नाव आयकर खात्याच्या यादीत पक्कं बसतं. निदान ही यादी तरी आपल्याला विसरत नाही. पडून राहिलेल्या ट्रकनं चिरे वाहता येत होते. पडून राहिलेल्या घड्याळाला हलवत राहावं लागतं, नाहीतर तेही बंद पडतं.

तिसरा आक्षेप रसिकाचा आहे आणि तो मानाचा आहे. शेकडो बारीक भाग बॅटरीशिवाय वर्षानुवर्षं ताल धरतात, ही माणसाच्या हाताची करामत आहे, आणि स्वतःच्या घामाच्या पैशानं ती मनगटावर बांधावीशी वाटली तर त्यात कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. मान्य. पण रसिकाला काचेतलं नेमकं तेच मॉडेल का हवं असतं, जे शेजाऱ्यालाही हवं आहे? चांगली यांत्रिक घड्याळं त्याच दुकानाच्या दुसऱ्या कपाटात विकायला ठेवलेली असतात. पैसे द्यावेत, बिल घ्यावं, घरी यावं. ‘पुढच्या महिन्यात बघू’ ऐकत बसण्यात कसली रसिकता? पेडण्याच्या पुनवेला एका रात्रीत देऊळ मागणाऱ्या भूतनाथाची, बांधून देतो म्हणून दरवर्षी समजूत काढतात आणि देव पुढच्या वर्षापर्यंत थांबतो. पण देवाला थांबवायचं तर सगळा गाव रात्रभर जागतो. गिऱ्हाइकाला थांबवायला एक कॉफी पुरते.

तरीही हा सगळा खटाटोप गोव्याच्या उपयोगी पडू शकतो. आपण ज्या गोष्टी विकून हे घड्याळ घ्यायला निघतो, त्याच खऱ्या दुर्मीळ आहेत. डोंगर एकदा उतरवला की कुठल्याही कारखान्यात तो 2029 पर्यंत तयार होत नाही. मांद्रे, मोरजी, हरमलच्या किनाऱ्याची जमीन कुणी वर्षाला दहा लाख नग या वेगानं बनवत नाही. पण ती विकताना आपण गिऱ्हाइकाला एकही प्रश्न विचारत नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरच्या चार भावांच्या सह्या जमल्या की दिल्लीच्या पाहुण्याला डोंगर, भाट आणि समुद्राचा देखावा एका बैठकीत मिळतो. झोन आड येत असेल तर तो बदलण्याची कलमंही कायद्यात शोधून काढली जातात. जे संपणार आहे ते आपण बाजारभावानं कुणालाही देतो, आणि जे कधीच संपणार नाही त्यासाठी हात जोडून उभे राहतो.

म्हणून सूचना अशी की गोवा सरकारनं एका मुरलेल्या घड्याळविक्रेत्याला सल्लागार नेमावं आणि त्याची पद्धत जमिनीला लावावी. किनाऱ्यालगतचा भूखंड मागायला कुणी आला की त्याला खुर्ची द्यावी, कोकमाचं सरबत द्यावं आणि नाव घेतल्याचं सांगावं. आधी दोन-चार वर्षं गावात राहा, खरेदीचा इतिहास दिसू द्या, म्हणजे पेडण्याच्या बाजारातून भाजी घ्या, पंचायतीची घरपट्टी वेळेवर भरा, ग्रामसभेला बसा. मग आतल्या बाजूची, देखावा नसलेली एखादी जागा दाखवू. समुद्राची बाजू सध्या विकायला नाही, पाहायला आहे, अशी पाटी लावावी. आपला नंबर कितवा असं पाहुण्यानं विचारलंच, तर हसून विषय बदलावा. त्यानं स्वतः हेच हसू काउंटरपलीकडून पाहिलेलं असेल, तेव्हा त्याला राग येण्याचं कारण नाही. या रीतीनं जिनिव्हाच्या पोलादाला सोन्याहून वरचा भाव आला, तर पेडण्याच्या जमिनीला आणि डिचोलीच्या डोंगराला निदान त्यांची खरी किंमत तरी येईल. आणि तोवर ज्या कुणाला पहिलं घड्याळ घ्यायचं असेल, त्यानं जे दुकान नंबर लिहून देईल तिथेच नाव द्यावं. बाकीच्या ठिकाणी कॉफी पिऊन यावं, तिचे पैसे घड्याळाच्या किमतीत इतरांनी भरलेलेच आहेत.